कॉम्प्युटरवर वाजणारी सीडी डेकवर गप्प का बसते?

"अहो दादा, मुलाच्या लॅपटॉपवर तर मस्त वाजली. डेकमध्ये घातली की नुसतं 'नो डिस्क' येतं. डेक गेला का हो?"

पंचवटीतल्या भजनी मंडळांच्या जुन्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून त्यांच्या सीडी करून देतो. त्यामुळे हा प्रश्न मला काकू, मावशी, विणेकरी बुवा अशा सगळ्यांकडून सतत ऐकायला मिळतो. उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारं असतं. डेक गेलेला नसतो आणि सीडीही फुकट गेलेली नसते. कॉम्प्युटर जे वाचू शकतो ते सगळं डेकला वाचता येत नाही, एवढीच गोष्ट असते. तरीही लोक डेक पिशवीत घालून एम. जी. रोडवर दुरुस्तीला नेतात किंवा सीडी कचऱ्यात टाकतात. त्या सीडीवर आजीच्या आवाजातल्या ओव्या असतील तर त्या पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत. म्हणून सांगतो, आधी तीन गोष्टी बघा आणि याच क्रमाने बघा: सीडीवर काय लिहिलंय, ते लिखाण पूर्ण झालंय का, आणि ते डेकला दिसतंय का.

त्याच्याही आधी एक अदलाबदल करायची. कंपनीची विकत आणलेली सीडी त्याच डेकमध्ये लावा, आणि तुमची घरची सीडी शेजाऱ्यांच्या डेकवर लावून बघा. कंपनीची सीडीही वाजली नाही तर दोष यंत्रात आहे. घरची सीडी कुठल्याच डेकवर वाजत नसेल तर दोष लिहिण्यात आहे. ती शेजाऱ्यांकडे वाजते आणि तुमच्याकडे वाजत नाही, कंपनीची मात्र दोन्हीकडे वाजते, असं झालं तर तुमच्या डेकची नजर अधू आहे किंवा त्याला त्या प्रकारची सीडी कळत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण अर्धा तिढा इथेच सुटतो.

ऑडिओ सीडी वेगळी, गाण्यांच्या फाइल असलेली सीडी वेगळी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ मध्ये पहिले सीडी प्लेअर बाजारात आले. त्या नियमांनुसार आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा, डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंचा, आणि ते आकडे एकामागोमाग एक सीडीवर लिहून काढायचे. तिथे फाइल नसते, फोल्डर नसतं, गाण्याचं नावही नसतं. असतात फक्त ट्रॅक: पहिला, दुसरा, तिसरा. असा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खातो, म्हणून साध्या कोऱ्या सीडीवर जास्तीत जास्त ८० मिनिटांचं गाणं मावतं.

एमपी३ ची पद्धत यानंतर दहाएक वर्षांनी आली. कानाला फारसं जाणवणार नाही ते गाळून आवाज लहान करायचा, असा तो हिशेब. त्यामुळे मिनिटाला साधारण १ एमबी पुरतो आणि त्याच सीडीवर बारा तासांच्या आसपास गाणी बसतात. पण ही गाणी फाइलच्या रूपात असतात. ती वाजवायची तर आधी फाइल शोधावी लागते, मग ती उलगडून परत आवाज करावा लागतो. या कामासाठी डेकमध्ये वेगळी चिप लागते. कॉम्प्युटरला हे मुळातच येतं. जुन्या डेकमध्ये ती चिप नसते, आणि नंतर कुठल्याच सेटिंगने ती येत नाही.

तुमच्या डेकला एमपी३ कळतं का हे बघायला त्याच्या पुढच्या पट्टीवर नजर टाका. सीडीच्या खाचेजवळ 'एमपी३' असं छापलेलं असेल तर कळतं. नुसतंच 'कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ' असं चिन्ह असेल तर खरी ऑडिओ सीडीच द्यायला हवी.

आणि आपली सीडी कुठल्या जातीची आहे? ती उलटी धरून खिडकीच्या उजेडात तिरकी करा. लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात थोडा फरक दिसतो. लिखाण आतून बाहेर होतं, म्हणून गडद कडं मधल्या भोकापासून सुरू होतं. दहा-बारा गाणी लिहूनही आतल्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षा अरुंद कडंच गडद दिसत असेल, तर त्या एमपी३ फाइल आहेत. दहा-बारा गाण्यांची खरी ऑडिओ सीडी जवळजवळ दोन तृतीयांश भरलेली दिसते. शंभर गाण्यांची सीडी असेल तर बघायचीही गरज नाही, ऑडिओ सीडीवर ९९ पेक्षा जास्त ट्रॅक घालताच येत नाहीत.

विंडोजमध्ये सीडी उघडली तर आणखी स्पष्ट कळतं. ऑडिओ सीडीवर 'ट्रॅक०१ डॉट सीडीए' अशा छोट्या नोंदी दिसतात. या सीडीए नोंदींनी बऱ्याच जणांना चकवलंय. त्या प्रत्येकी अवघ्या ४४ बाइटच्या असतात. त्यांच्यात गाणं नसतं, गाणं सीडीवर कुठे सुरू होतं एवढाच पत्ता असतो. हौसेने मूळ सीडीवरून या नोंदी डेस्कटॉपवर ओढायच्या, मग दुसऱ्या कोऱ्या सीडीवर लिहायच्या, असं केलं तर नव्या सीडीवर आवाजाचा एक थेंबही जात नाही. पहिली सीडी आत असेपर्यंत त्या फाइल वाजतात, म्हणून सगळं नीट झाल्यासारखं वाटतं. ऑडिओ सीडीवरचं गाणं घ्यायचं असेल तर विंडोज मीडिया प्लेअरमधून 'रिप' करावं लागतं.

विंडोजच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं

कोरी सीडी घातली की विंडोज विचारतं, ही सीडी कशी वापरणार? 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' की 'विथ अ सीडी ऑर डीव्हीडी प्लेअर'? पहिला पर्याय निवडला तर सीडी पेन ड्राइव्हसारखी वापरता येते, पण ती यूडीएफ नावाच्या पद्धतीने लिहिली जाते आणि बहुतेक डेकना ती वाचता येत नाही. त्यामुळे एमपी३ वाजवणारा डेकसुद्धा ती सीडी थेट नाकारतो.

दुसरा पर्याय नावावरून अगदी हवा तोच वाटतो. तो पहिल्यापेक्षा चांगला आहे हे खरं, पण त्यानेही ऑडिओ सीडी होत नाही. एमपी३ फाइल एमपी३ म्हणूनच लिहिल्या जातात, फक्त जास्त यंत्रांना वाचता येईल अशा पद्धतीने. 'सीडी प्लेअर' हे शब्द वाचून माणसं निर्धास्त होतात आणि मग डेकसमोर बसून राहतात. या नावाबद्दल माझी कायमची तक्रार आहे.

खरी ऑडिओ सीडी हवी असेल तर विंडोज मीडिया प्लेअर उघडा, उजवीकडच्या 'बर्न' टॅबवर जा, तिथल्या पर्यायांत 'ऑडिओ सीडी' निवडलेलं आहे याची खात्री करा आणि गाणी त्या यादीत ओढा. एकूण वेळ ८० मिनिटांच्या आत आहे का ते बघा. मग एमपी३ फाइल चालतात, कारण प्लेअर त्या उलगडून ऑडिओच्या रूपात लिहितो.

डेकला एमपी३ कळत असेल तरी काही अडचणी येतात. फाइल एमपी३च हवी. हल्ली मंडळांचं बरंचसं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून येतं, आणि तिथले व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचे असतात. फोनमधल्या रेकॉर्डरच्या फाइल बहुधा एम४ए असतात. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी३ लिहिलं म्हणजे आतला मजकूर बदलत नाही, ती ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून एमपी३ म्हणून नव्याने साठवावी लागते. साठवताना सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा तो आकडा, ४४,१०० ठेवा. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी काही ॲप १६,००० किंवा २२,०५० ठेवतात, तशी एमपी३ फाइल वेगळ्या उपप्रकारात मोडते आणि काही जुने डेक तेवढीच गाणी गाळून पुढे जातात.

फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवा. देवनागरी नाव असेल तर डेकच्या पट्टीवर चौकोन उमटतात. आणि आकडे ०१, ०२ असे दोन अंकी द्या. नाहीतर कित्येक डेक १ नंतर १० वाजवतात आणि मग २, म्हणजे हरिपाठाचा सगळा क्रम विस्कटतो. काकडआरतीच्या मधोमध शेजारतीचा अभंग लागला तर कुणाला आवडेल?

सीडी बंद केली का?

ऑडिओ सीडीच्या सगळ्यात आतल्या कड्यात अनुक्रमणिका असते: गाणी किती, कुठलं कुठे सुरू होतं. सीडी आत घेतल्यावर डेक पहिल्यांदा तीच वाचतो. घरच्या सीडीवर ही अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते, सीडी 'क्लोज' किंवा 'फायनलाइज' करताना. ते केलं नसेल तर गाणी सीडीवर असूनही डेकच्या लेखी ती सीडी कोरीच असते. ज्या राइटरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर, ती लिहिली त्याला मधल्या काळातल्या कच्च्या नोंदी वाचता येतात, म्हणून त्याच कॉम्प्युटरवर ती खुशाल वाजते. असं असेल तर सीडी फेकू नका. त्याच राइटरमध्ये घालून बर्निंगच्या प्रोग्रॅममधून ती क्लोज करता येते, आणि लगेच वाजू लागते.

दुसरा प्रकार असा: आधी पाच गाणी लिहिली, सीडी बंद केली, महिन्याने आणखी पाच लिहिली. याला दुसरं सेशन म्हणतात. ऑडिओवाले डेक फक्त पहिलं सेशन बघतात, म्हणून नंतरची पाच गाणी त्यांच्यासाठी नसतातच. डेकवर लावायची सीडी एका बैठकीत लिहून काढावी हेच बरं. प्रोग्रॅममध्ये 'डिस्क ॲट वन्स' असा पर्याय असेल तर तो घ्या. 'ट्रॅक ॲट वन्स'ने लिहिलं की दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता येते, आणि अभंगातून गजरात जाताना ती फार खटकते.

लिहिलंय सगळं, पण दिसत नाही

कंपनीच्या सीडीत साच्याने दाबलेले सूक्ष्म खड्डे असतात आणि वर ॲल्युमिनियमचा थर. घरच्या सीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीत, खड्डे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि राइटरचा लेझर त्यावर ठिकठिकाणी डाग पाडतो. डेकचा लेझर या डागांना खड्डे समजून वाचतो. कंपनीच्या सीडीवरून बहुतेक प्रकाश परत येतो, ७० टक्के किंवा त्याहून जास्त. चांगल्या सीडी-आरवरून त्याच्या जवळपास येतो. पण पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून फक्त १५ ते २५ टक्के. समईच्या उजेडात पेपर वाचण्यासारखं आहे हे: अक्षरं सगळी जागेवर आहेत, तरुण डोळे वाचतात, चाळिशी लागलेल्यांना जमत नाही. सीडी-आरडब्ल्यू जेव्हा नव्हतीच तेव्हा बनलेल्या डेकना तर ती मुळीच वाचता येत नाही. डेकसाठी नेहमी सीडी-आर घ्या.

कोऱ्या डीव्हीडीवर गाणी लिहून आणणारेही भेटतात. आकार तोच, १२ सेंटिमीटर. पण सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, आणि डीव्हीडीवरच्या रेषा निम्म्याहूनही जवळजवळ असतात. सीडीच्या डेकला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. उलटं मात्र चालतं: घरातले डीव्हीडी प्लेअर सीडी वाचतात, शिवाय बहुतेकांना एमपी३ही कळतं. डेक ऐकतच नसेल तर कपाटातला जुना डीव्हीडी प्लेअर काढून त्याची वायर डेकच्या 'ऑक्स'ला जोडा. मंडळांना मी हा उपाय मनापासून सुचवतो.

लिहिण्याचा वेग हाही मुद्दा आहे. राइटर ५२ एक्स, म्हणजे वाजण्याच्या साध्या वेगाच्या ५२ पट, म्हणतो म्हणून ५२ ने लिहू नये. घाईत पडलेले डाग धूसर उमटतात, कॉम्प्युटर ते पुन्हा पुन्हा वाचून निभावतो, डेकला तेवढी सवड नसते. १६ एक्सच्या आसपास लिहिलं तर पूर्ण सीडीला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि एवढा वेळ देववतो. अगदी १ किंवा २ एक्सपर्यंत खाली जायचीही गरज नाही, आताच्या सीडी त्या वेगासाठी बनवलेल्या नसतात.

सीडी सुरू होते, छान वाजते आणि शेवटच्या दोन-तीन गाण्यांना अडकते, असं असेल तर फाइलचा किंवा क्लोज करण्याचा प्रश्न नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी बाहेरच्या काठाला असतात, आणि आपली बोटंही तिथेच लागतात. ओलसर मऊ सुती कापडाने पुसा, पण मधून काठाकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. मधून काठाकडे गेलेल्या चऱ्यामुळे प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती जाते, आणि सीडीच्या लिखाणातच अशी दुरुस्तीची सोय आहे की सुमारे अडीच मिलिमीटरची सलग खाचसुद्धा ती भरून काढते. गोल चरा मात्र एकाच रेषेवर लांबवर धावतो, तिथे ती सोय तोकडी पडते.

वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला लोक फार निष्काळजीपणे वागवतात. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक असतं, त्यावरचे बारीक ओरखडे बरेचदा चालून जातात. माहितीचा थर मात्र वरच्या बाजूला, पातळशा वॉर्निशच्या खाली असतो. बॉलपेनने दाबून 'काकडा भाग २' लिहिलं की त्या अक्षरांखालचं गाणं जाऊ शकतं. उजेडाकडे धरल्यावर आरपार टाचणीएवढी छिद्रं दिसली तर तिथला थर उडालाय असं समजा. मऊ टोकाचा मार्कर वापरा, आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. कागदी लेबल तर चिकटवूच नका. सीडी फिरताना तोल जातो, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत डिंक सुटून लेबल प्लेअरच्या आत अडकतं. शिवाय रंगद्रव्याला ऊन सोसत नाही. डॅशबोर्डवर उघडी पडलेली घरची सीडी फिकी पडत जाते, तिथेच ठेवलेली कंपनीची सीडी मात्र टिकते. कसारा घाटात गाडी हादरली आणि गाणं उडालं, तर तो मात्र रस्त्याचा दोष, सीडीला बोल लावू नका.

डेकचं भिंग

देवळातल्या डेकवर उदबत्ती-धुपाचा धूर आणि तेलकट थर बसतो, तो भिंगावरही बसतो. अशा डेकवर कंपनीची सीडी कशीबशी वाजते आणि घरची नाकारली जाते, कारण घरच्या सीडीवरून परत येणारा प्रकाश आधीच थोडा कमी. वायर काढून, कप्पा उघडून आधी रबरी फुग्याने धूळ उडवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कानकाडीने भिंग अलगद पुसा. ते स्प्रिंगसारखं हलतं, म्हणून जोर लावायचा नाही. थिनर, पेट्रोल, अत्तर यातलं काहीही वापरू नका. डेक चालू असताना भिंगात कधीही बघू नका, तो लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही पण इजा करू शकतो. पावसाळ्यात किंवा निफाडच्या थंडीतून आणून गरम खोलीत ठेवलेल्या डेकच्या भिंगावर दव धरतं. तासभर तसाच राहू द्या, दव आपोआप उडून जातं. एवढं करूनही कंपनीची सीडी अडखळत असेल तर लेझरच थकलाय, आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. ज्या सीडीवरचं रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच नाही, तिच्यावर टूथपेस्ट किंवा पॉलिशचे प्रयोग करू नका. आधी तिच्यातलं जेवढं वाचता येईल तेवढं कॉम्प्युटरवर घ्या. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्यात घालून बघा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हची ताकद खूप वेगळी असते. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा फुकट प्रोग्रॅम खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो, एका सीडीला रात्रभर लागली तरी लागू द्या. मिळालेल्या फाइल हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. डेकसाठी त्यांची नवी सीडी-आर लिहा, लिहून झाल्यावर कॉम्प्युटरकडून तपासून घ्या, आणि मंडळाच्या हातात देण्याआधी ज्या डेकवर ती लागणार आहे त्याच डेकवर शेवटचा ट्रॅक लावून ऐका.